औषधजन्य अवसाद

एखाद्या विकारावर उपचार म्हणून घेतलेल्या औषधाच्या क्रियेमुळे उद्भवणारी व काही आठवडे वा महिने टिकणारी खिन्नतेची विकृत अवस्था. मन सतत उदास राहणे, पूर्वी आनंद देणाऱ्या गोष्टींतील गोडी नाहीशी होणे, पहाटे लवकर जाग येणे, भूक व वजन घटणे, विचार व हालचाली मंदावणे, स्वतःला निरुपयोगी वा अपराधी मानणे आणि मरणाचे विचार येणे ही अवसादाची सामान्य लक्षणे या अवस्थेतही आढळतात. केवळ लक्षणांवरून ती इतर अवसादांहून वेगळी ओळखता येत नाही. वेगळे असते ते तिचे कारण. औषध सुरू झाल्यावर किंवा त्याची मात्रा वाढविल्यावर ती सुरू होते आणि औषध थांबविल्यावर बहुधा ओसरते. काही औषधे दीर्घकाळ घेऊन एकाएकी थांबविल्यानेही अशी अवस्था येते. तिचा समावेश याच सदरात करतात. [⟶ अवसाद].

या अनिष्ट परिणामाचे महत्त्व त्याच्या प्रमाणापेक्षा त्याच्या स्वरूपात आहे. अंगावर पुरळ उठला किंवा उलट्या झाल्या, तर रोगी ताबडतोब गोळीकडे बोट दाखवितो. मन खचले, तर मात्र तो स्वतःच्या स्वभावाला, परिस्थितीला किंवा मूळ आजाराला दोष देतो. घरचे लोकही वयाला दोष देतात. अतिरक्तदाबासारख्या विकारात रोग्याला पुष्कळदा काहीच त्रास होत नसतो. अशा धडधाकट वाटणाऱ्या माणसाला प्रतिबंधक म्हणून दिलेल्या औषधाने जगणे नकोसे व्हावे, ही गोष्ट वैद्यकाला प्रथम ठळकपणे जाणवली ती १९५० नंतरच्या दशकात, एका भारतीय वनस्पतीपासून मिळविलेल्या औषधाच्या वापरात. या विषयाचा इतिहास म्हणजे बव्हंशी त्याच औषधाचा इतिहास होय.

सर्पगंधा व रिसर्पीन : सर्पगंधा (रौवोल्फिया सर्पेंटिना) ही ॲपोसायनेसी (करवीर) कुलातील लहान झुडूपवजा वनस्पती. तिच्या प्रजातीचे नाव सोळाव्या शतकातील जर्मन वैद्य व वनस्पतिज्ञ लेओनहार्ट राउव्होल्फ यांच्यावरून पडले. तिची मुळी सर्पदंश, निद्रानाश व उन्माद यांवर भारतात फार पूर्वीपासून देत असत. बिहार व बंगालमध्ये तिला वेड्याची मुळी अशा अर्थाची लौकिक नावेही मिळाली होती. १९३१ मध्ये दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजमध्ये सलीमुझ्झमान सिद्दिकी व रफत हुसेन सिद्दिकी यांनी मुळीतून काही अल्कलॉइडे वेगळी केली. त्यांपैकी एकाला हकीम अजमलखान यांच्या नावावरून ‘अजमलीन’ असे नाव दिले. त्याच वर्षी कलकत्त्यात गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी उन्माद व वाढलेला रक्तदाब या दोन्हींवर मुळीचा उपयोग होतो असे प्रसिद्ध केले.

पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष या मुळीकडे वेधले ते मुंबईच्या केईएम रुग्णालयातील हृदयरोगतज्ञ रुस्तम जाल वकील (१९११–७४) यांच्या १९४९ मधील लेखामुळे. ब्रिटिश हार्ट जर्नल या नियतकालिकात त्यांनी अतिरक्तदाबाच्या रोग्यांवरील आपला अनुभव मांडला. त्यानंतर बॉस्टन येथे रॉबर्ट विल्किन्झ यांनी ते औषध वापरून पाहिले आणि १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे सीबा कंपनीच्या प्रयोगशाळेत योहानेस म्यूलर, एमील श्लिट्लर व हूगो बाइन यांनी मुळीतील प्रमुख क्रियाशील अल्कलॉइड, रिसर्पीन, शुद्ध स्वरूपात मिळविले. १९५४ मध्ये नेथन क्लाइन या अमेरिकन मानसोपचारज्ञांनी न्यूयॉर्क राज्यातील रॉकलंड येथील मनोरुग्णालयात त्याचा वापर केल्याचे जाहीर केले. वकील व क्लाइन या दोघांनाही १९५७ मध्ये लास्कर पारितोषिक लाभले. रक्तदाब उतरविणारे, क्षुब्ध मन शांत करणारे आणि स्वस्त असे हे औषध अल्पावधीत जगभर पसरले. भारतात डायहायड्रॅलॅझिनाबरोबरचे त्याचे ‘ॲडेल्फेन’ हे मिश्रण अनेक वर्षे रक्तदाबाची गोळी म्हणून घरोघर परिचित होते.

तक्रारींना फार काळ लागला नाही. १९५४ मध्येच एडवर्ड फ्राइस यांनी, मोठ्या मात्रेत दीर्घकाळ रिसर्पीन घेणाऱ्या अतिरक्तदाबाच्या काही रोग्यांना अवसाद जडल्याचे नोंदविले. १९५५ मध्ये म्यूलर व त्यांच्या अमेरिकन सहकाऱ्यांनी (हे म्यूलर बाझेलचे नव्हेत) आणि १९५६ मध्ये कॅनडात लेम्यू, दाव्हिन्यों व झने यांनी तशीच निरीक्षणे प्रसिद्ध केली. कॅनडातील लेखात ३० रोगी होते. या वृत्तांतांतील चित्र सामान्यतः असे होते : औषध सुरू होऊन काही आठवडे वा महिने झालेले, रक्तदाब समाधानकारक, रोगी हळूहळू अबोल होत जातो, पहाटे जागा होतो, रडू लागतो, कामावर जाणे टाळतो. काहींना रुग्णालयात ठेवावे लागले, काहींना विद्युत् आघात उपचार द्यावे लागले आणि काहींनी आत्महत्येचा प्रयत्न केला. पूर्वी कधी अवसाद होऊन गेलेल्यांना धोका अधिक, ही गोष्टही लवकरच ध्यानात आली. त्या काळी दररोज ०·५ ते १ मिग्रॅ. आणि कधी त्याहूनही अधिक मात्रा देत. पुढे ०·२५ मिग्रॅ.च्या वर जाऊ नये आणि ज्याला पूर्वी अवसाद झाला आहे त्याला हे औषध देऊच नये, असा दंडक पडला.

क्रियेचे स्वरूप : तंत्रिका कोशिकेच्या (मज्जापेशीच्या) टोकाशी असलेल्या सूक्ष्म पुटिकांत नॉरॲड्रेनॅलीन, डोपामीन व सिरोटोनीन ही ॲमाइने साठविलेली असतात. संदेश आला की, ती बाहेर सोडली जातात. पुटिकांत ॲमाइन भरणारे एक वाहक प्रथिन असते. रिसर्पीन त्याला घट्ट चिकटून ते निकामी करते. साठा भरला जात नाही व बाहेर राहिलेल्या ॲमाइनांचा मोनोॲमाइन ऑक्सिडेज या एंझाइमामुळे नाश होतो. परिणामी कोठार रिकामे होते. हा परिणाम औषध शरीरातून निघून गेल्यावरही टिकतो, कारण नवीन वाहक प्रथिने तयार व्हावी लागतात. रक्तदाब उतरतो तो रक्तवाहिन्यांच्या तंत्रिकांमधील नॉरॲड्रेनॅलीन संपल्यामुळे. मेंदूवरील परिणाम होतो तो त्याच क्रियेने. एकाच किल्लीने दोन कुलपे उघडावीत तसे हे आहे.

१९५५ मध्ये प्लेचर, शोर व ब्रॉडी यांनी रिसर्पिनामुळे सिरोटोनीन घटते असे दाखविले. पुढील वर्षी होल्झबाउअर व फोख्ट यांनी मेंदूतील नॉरॲड्रेनॅलिनाबद्दल तेच सिद्ध केले. याच सुमारास उलट दिशेचा पुरावाही हाती आला. क्षयावरील आयप्रोनायाझीड या औषधाने १९५२ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू रुग्णालयातील रोगी असाधारण उल्हसित झाले होते. हे औषध मोनोॲमाइन ऑक्सिडेजाला रोखते, म्हणजे ॲमाइनांचा नाश थांबविते. क्लाइन यांनीच १९५७ मध्ये ते अवसादावर वापरले. ॲमाइने घटली की अवसाद, वाढली की उल्हास असे हे सुटसुटीत समीकरण होते. जोसेफ शिल्डक्राउट यांनी १९६५ मध्ये त्याला सिद्धांताचे रूप दिले आणि पुढील कित्येक दशके अवसादविरोधी औषधांचे संशोधन त्याच आधारावर चालले. रिसर्पीन दिलेला उंदीर वा ससा मलूल होऊन, पापण्या अर्ध्या मिटून बसतो. त्याला जागे करील ते औषध अवसादावर उपयोगी ठरेल, अशी चाचणीच प्रयोगशाळांत रूढ झाली.

शंका व फेरविचार : या समीकरणाच्या मुळाशी असलेली घटना वाटते तितकी पक्की नव्हती. १९५५ मध्येच लंडनच्या मॉड्झ्ली रुग्णालयातील डेव्हिस व मायकेल शेपर्ड यांनी चिंताग्रस्त व खिन्न रोग्यांच्या दोन गटांना रिसर्पीन व निष्क्रिय गोळी देऊन तुलना केली. रिसर्पीन घेणाऱ्यांची प्रकृती अधिक सुधारली. यदृच्छया गट पाडून केलेल्या मानसोपचारातील आरंभीच्या चाचण्यांपैकी ही एक होय. पण तिच्याकडे फारसे कोणी पाहिले नाही. रोग्याच्या आत्महत्येच्या प्रयत्नाची हकिगत आकड्यांच्या कोष्टकापेक्षा मनावर अधिक ठसते. १९५८ मध्ये फ्रँक एड यांनी असे निदर्शनास आणले की, औषधजन्य अवसाद म्हणून नोंदलेल्यांपैकी अनेक रोगी वास्तविक खिन्न नसून औषधाने केवळ अतिशय सुस्त झालेले होते. सुस्तीत अपराधीपणा नसतो, मरणाचे विचार नसतात. मात्रा कमी करताच ती जाते. १९५७ मध्ये आर्व्हिड कार्लसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी रिसर्पिनाने निश्चल झालेल्या सशांना डोपा हा डोपामिनाचा पूर्वगामी पदार्थ टोचताच ते पुन्हा हिंडू लागले. म्हणजे पिंजऱ्यातील त्या सशाची अवस्था मानवी अवसादापेक्षा कंपवाताला अधिक जवळची होती. या शोधातून कंपवातावरील उपचार निघाला व २००० मध्ये कार्लसन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. अवसादाच्या सिद्धांताला मात्र त्यामुळे बाधाच आली.

गुडविन व बनी यांनी १९७१ मध्ये जुन्या वृत्तांतांची छाननी केली. खरा, पूर्ण लक्षणांचा अवसाद समजला जात होता त्याहून बराच कमी लोकांत होता आणि त्यांतील पुष्कळांना त्याचा पूर्वेतिहास होता, असे त्यांना आढळले. २००३ मध्ये बाउमाइस्टर व त्यांच्या सहकाऱ्यांनी तर रिसर्पीनजन्य अवसाद ही दंतकथाच होय, असे मत मांडले. हे टोकाचे मत स्वीकारण्याची गरज नाही. मोठ्या मात्रेने संवेदनक्षम व्यक्तीत गंभीर अवसाद होऊ शकतो, हे जुन्या नोंदी व त्याच गटातील टेट्राबेनाझीन या औषधाचा अनुभव यांवरून दिसते. टेट्राबेनाझीन पुटिकांतील वाहकालाच रोखते. हंटिंग्टन विकारातील अनैच्छिक हालचालींसाठी त्याला अमेरिकेत २००८ मध्ये मान्यता देताना अवसाद व आत्महत्येचा धोका यांची ठळक सूचना वेष्टनपत्रकात घालणे आवश्यक ठरविले गेले. अल्प मात्रेतील रिसर्पीन बहुसंख्य लोकांना खिन्न करते याला मात्र भक्कम पुरावा नाही. ॲमाइने घटविली तरी निरोगी माणूस सहसा खिन्न होत नाही. पूर्वी अवसाद होऊन गेलेल्यांपैकी काहींमध्ये मात्र तो परततो, असे सिरोटोनीन कमी करणाऱ्या आहारप्रयोगांतूनही दिसून आले आहे. औषध हे अशा वेळी बीज नसते, तर आधीच असलेल्या बीजाला मिळालेले पाणी असते.

या वादाची किंमत दोन्ही बाजूंनी मोजावी लागली. आरंभी इशाऱ्यांकडे दुर्लक्ष झाल्याने रोग्यांना यातना झाल्या, तर नंतरच्या धास्तीने एक स्वस्त व उपयुक्त औषध मागे पडले. ज्या फ्राइस यांनी अवसादाची पहिली सूचना दिली, त्यांच्याच नेतृत्वाखाली अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत झालेल्या सुप्रसिद्ध चाचणीत (१९६७ व १९७०) रोज ०·२ मिग्रॅ. रिसर्पीन इतर दोन औषधांबरोबर दिले गेले. अतिरक्तदाबावरील उपचाराने पक्षाघात व मृत्यू टळतात हे त्याच चाचणीने प्रथम निर्णायकपणे सिद्ध केले. नवी औषधे आल्यावर बहुतेक देशांत रिसर्पीन अडगळीत गेले. चीनमध्ये त्याची अल्प मात्रेची मिश्रणे वापरात राहिली. सर्पगंधेच्या मुळीचे चूर्ण व गोळ्या भारतात आयुर्वेदीय औषधे म्हणून मिळतात. त्यांतही रिसर्पीन असतेच, त्यामुळे मुळी वनस्पतिज आहे म्हणून वरील इशारा तिला लागू नाही असे समजणे चूक ठरेल.

इतर औषधे : अवसादाचा आरोप झालेल्या औषधांची यादी फार लांब आहे. अमेरिकेत २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत २०० हून अधिक औषधांच्या माहितीपत्रकांत अवसाद वा आत्महत्येचे विचार हा संभाव्य परिणाम नमूद असल्याचे व सुमारे ३७ टक्के प्रौढ व्यक्ती त्यांपैकी निदान एक औषध घेत असल्याचे आढळले. अशी तीन वा अधिक औषधे घेणाऱ्यांत अवसादाचे प्रमाण सुमारे १५ टक्के, तर एकही न घेणाऱ्यांत ५ टक्क्यांहून किंचित कमी होते. परंतु अनेक औषधे घेणारा माणूस मुळातच अधिक आजारी असतो. त्यामुळे या आकड्यांवरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. सर्व आरोप सारख्याच तोलाचे नाहीत.

सर्वांत भक्कम पुरावा आहे तो इंटरफेरॉन-आल्फा या औषधाबाबत. क-प्रकारच्या यकृतशोथावर (हिपॅटायटिस-सी) आणि काही कर्करोगांवर ते देत असत. ते घेणाऱ्यांपैकी लक्षणीय लोकांना, बहुधा पहिल्या तीन महिन्यांत, अवसाद होई. २००१ मध्ये कृष्णकर्क (मेलॅनोमा) झालेल्या ४० रोग्यांवर झालेल्या चाचणीत पॅरॉक्सेटीन हे अवसादविरोधी औषध आधीपासून दिल्यास अवसादाचे प्रमाण पुष्कळच घटते असे दिसले. शोथकारक द्रव्यांचा मनःस्थितीशी संबंध असतो, या आजच्या विचाराला या अनुभवातून मोठे बळ मिळाले. यकृतशोथावर तोंडाने घ्यावयाची थेट विषाणुविरोधी औषधे २०१३ नंतर आल्यामुळे त्या विकारात इंटरफेरॉनाची गरज जवळजवळ उरलेली नाही.

कॉर्टिकोस्टेरॉइडांच्या बाबतीत मात्रेचा परिणाम स्पष्ट दिसतो. बॉस्टन येथील १९७२ च्या पाहणीत रोज ४० मिग्रॅ. वा त्याहून कमी प्रेडनिसोन घेणाऱ्यांत मानसिक प्रतिक्रिया १·३ टक्के, ४१ ते ८० मिग्रॅ. घेणाऱ्यांत ४·६ टक्के, तर ८० मिग्रॅ.हून अधिक घेणाऱ्यांत १८·४ टक्के आढळल्या. या सर्व प्रतिक्रिया खिन्नतेच्या नसतात. थोड्या दिवसांच्या उपचारात पुष्कळदा उल्हास व अनिद्रा, तर दीर्घ उपचारात व औषध तोडताना खिन्नता अधिक दिसते.

रिमोनाबंट या वजन घटविणाऱ्या औषधाला यूरोपात २००६ मध्ये मान्यता मिळाली आणि अवसाद व आत्महत्येच्या धोक्यामुळे २००८ मध्ये त्याची विक्री थांबविण्यात आली. भूक लावणारी मेंदूतील जी यंत्रणा ते रोखते, तिचाच सुखसंवेदनेशीही संबंध आहे. बहुऔषधरोधी क्षयावरील सायक्लोसेरीन अवसाद व चित्तविकृती उत्पन्न करू शकते. क्षयाचा भार मोठा असलेल्या भारतासारख्या देशात ही गोष्ट विशेष लक्षात ठेवावी लागते, कारण औषध सोडावे तर रोग जिवावर बेततो आणि चालू ठेवावे तर मन ढासळते. अशा वेळी मात्रा कमी करून व मानसोपचाराची जोड देऊन मार्ग काढतात. अर्धशिशीवर भारतात बरेच वापरले जाणारे फ्लुनॅरिझीन, हिवतापावरील मेफ्लोक्वीन, एड्सविरोधी एफाव्हिरेंझ, दम्यावरील माँटेल्युकास्ट यांबाबतही सावधगिरीच्या सूचना आहेत. माँटेल्युकास्टच्या वेष्टनपत्रकात ठळक इशारा घालण्याचा आदेश अमेरिकेत २०२० मध्ये निघाला. संततिप्रतिबंधक संप्रेरक गोळ्यांबाबत दहा लाखांहून अधिक डॅनिश स्त्रियांच्या नोंदींवरून २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात थोडी वाढ दिसली. ती किशोरवयीन मुलींत अधिक होती.

आरोप खोटा ठरल्याचीही उदाहरणे आहेत. प्रोप्रानोलोल व त्यासारखी बीटारोधके अवसाद आणतात, ही समजूत १९६७ मधील एका पत्रापासून रूढ झाली व तीन दशके पाठ्यपुस्तकांत टिकली. २००२ मध्ये १५ चाचण्यांतील ३५,००० हून अधिक रोग्यांची माहिती एकत्र करून पाहिली, तेव्हा अवसादाच्या लक्षणांत लक्षणीय वाढ आढळली नाही; थकव्यात मात्र थोडीशी वाढ होती. या भीतीपायी हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या काही रोग्यांना प्राणरक्षक औषध नाकारले गेले असणे शक्य आहे. धूम्रपान सुटावे म्हणून दिल्या जाणाऱ्या व्हॅरेनिक्लीनवर २००९ मध्ये घातलेला ठळक इशारा मोठ्या चाचणीनंतर २०१६ मध्ये काढून टाकण्यात आला. तंबाखू सोडणे हेच मुळात मनाला जड जाते, हे त्या वेळी पुरेसे जमेस धरले गेले नव्हते.

निदान व उपाय : निदानात कालक्रमाला सर्वाधिक महत्त्व आहे. लक्षणे औषधापूर्वीच होती काय, औषध सुरू झाल्यावर किती दिवसांनी आली, मात्रेबरोबर वाढली काय आणि औषध थांबविल्यावर गेली काय, हे प्रश्न विचारावे लागतात. औषध बंद करूनही सुमारे महिन्याहून अधिक काळ अवसाद टिकला, तर तो स्वतंत्र विकार असण्याची शक्यता वाढते. मात्र रिसर्पिनासारख्या दीर्घ परिणामाच्या औषधाला हा नियम काटेकोरपणे लावता येत नाही. पुन्हा तेच औषध देऊन पाहणे हा तर्कदृष्ट्या उत्तम पुरावा असला, तरी आत्महत्येचा धोका असताना तो मिळविण्याचा प्रयत्न करीत नाहीत. अवटू ग्रंथीची मंदता, पांडुरोग, दीर्घ आजाराने आलेली निराशा आणि मद्यपान ही इतर कारणेही वगळावी लागतात. औषधाने आलेली सुस्ती, कंपवातासारखी निश्चलता व एका जागी बसू न देणारी अस्वस्थता या तीन अवस्था अवसाद समजल्या जाण्याची चूक वारंवार होते.

उपचारात संशयित औषधाची मात्रा कमी करणे किंवा त्याऐवजी दुसरे देणे, ही पहिली पायरी होय. रोग्याने आपणहून औषध एकाएकी तोडणे मात्र धोक्याचे असते : बीटारोधके अचानक बंद केल्याने हृद्‌शूल वाढतो, अपस्मारावरील औषधे तोडल्याने झटके येतात, तर दीर्घकाळ घेतलेली कॉर्टिकोस्टेरॉइडे थांबविल्याने अधिवृक्क ग्रंथी अपुऱ्या पडून प्राणावर बेतू शकते. मूळ औषध अपरिहार्य असेल, तर ते चालू ठेवून अवसादविरोधी औषधे जोडीला देतात. मरणाचे विचार बोलून दाखविणाऱ्या रोग्याला एकटे न ठेवता तत्काळ तज्ञाकडे न्यावे लागते. उपचार सुरू करण्यापूर्वीच पूर्वेतिहास विचारणे आणि घरातील एखाद्या व्यक्तीला या शक्यतेची कल्पना देऊन ठेवणे फार उपयोगी पडते, कारण बदल प्रथम दिसतो तो रोग्याला नव्हे, तर त्याच्याबरोबर राहणाऱ्यांना.

औषधांच्या अनिष्ट परिणामांची नोंद ठेवण्यासाठी भारतात २०१० मध्ये औषधदक्षता कार्यक्रम सुरू झाला. त्याचे राष्ट्रीय समन्वय केंद्र २०११ पासून गाझियाबाद येथील भारतीय औषधकोश आयोगात आहे. वैद्यकीय महाविद्यालयांतील केंद्रांमार्फत वैद्य, परिचारिका, औषधविक्रेते व स्वतः रोगीही तेथे माहिती कळवू शकतात. मानसिक परिणामांच्या नोंदी अशा यंत्रणांकडे नेहमीच अपुऱ्या येतात. पुरळ दाखविता येतो, खिन्नता सांगावी लागते आणि खिन्न माणूस सहसा आपणहून बोलत नाही.